चार डब्यांची ओवी

पीयूष समदडियाने बनवायला घेतलेलं यंत्र नक्की काय करतं हे त्याच्या वडिलांना कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पीयूषलाही ते धड सांगता येत नव्हतं.

"वेगवेगळे आवाज वेगवेगळे टेप करतं," तो म्हणाला.

"मग?" पारसमलजींनी विचारलं.

"मग ते सगळे एकत्र ऐकवतं."

"एकत्रच होते ना आधी? गाणारा बसतो, पेटीवाला त्याच्या शेजारी बसतो, तबलजी त्याच्या शेजारी. तू त्यांना उठवून लांब बसवणार आणि परत एकत्र आणणार. त्यापेक्षा बसू दे ना बिचाऱ्यांना."

पारसमलजींची मंचरला कांदा-बटाट्याची आडत होती. आडतीला लागूनच हायवेच्या तोंडाशी एक गाळा होता. पुण्याहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आल्यावर पीयूषने त्या गाळ्यात टेपरेकॉर्डर आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. दुकान बरं चालायचं. पण पुण्यात शिकताना तो एकदा मित्राबरोबर एका स्टुडिओत गेला होता आणि तिथलं एक दृश्य त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. गाणं टेप करून झालं होतं. सनईवाला एका जागी चुकला होता. बाकी सगळे घरी निघून गेले आणि सनईवाल्याने एकट्याने, कानाला हेडफोन लावून, आपला तेवढा तुकडा पुन्हा वाजवला. बाकीच्यांचे आवाज जागच्या जागी राहिले, सनई तेवढी बदलली. पीयूषला ती जादूच वाटली. ते मशीन केवढ्याला येतं म्हणून त्याने विचारलं, तेव्हा सगळे हसले होते.

असं एक मशीन गावातल्या भजनी मंडळाला परवडेल इतक्या स्वस्तात करायचं, असं त्याने ठरवलं. त्यासाठी त्याने एक युक्ती काढली. कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे आणि दोन उलट्या बाजूचे. गाडीतल्या काही टेपमध्ये कॅसेट न उलटता दोन्ही बाजू वाजतात, कारण त्यांच्या हेडला चारही पट्टे वाचता येतात. असलं एक हेड त्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं. चारही पट्टे एकाच दिशेला वापरायचे आणि प्रत्येक पट्ट्यावर एकेक आवाज घ्यायचा. मोटर आणि हेड एका पेटीत. आवाज आत घेणारं आणि बाहेर ऐकवणारं सर्किट मात्र वेगळ्या छोट्या पत्र्याच्या डब्यात. एका आवाजाला एक डबा. ज्याला एकच आवाज हवा त्याने एकच डबा घ्यावा. पुढे पैसे जमले की दुसरा घ्यावा आणि पेटीला जोडावा. सगळे डबे एकसारखे, कुठलाही डबा कुठेही बसणारा. या शेवटच्या गोष्टीचा पीयूषला फार अभिमान होता.

पहिले दोन डबे तयार झाल्यावर त्याने बहिणीला, सिद्धीला बोलावलं. ती मंचरलाच कॉलेजात होती आणि देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, स्तवनं चांगली म्हणायची. दुकानात ट्रकच्या हॉर्नचा गोंगाट, म्हणून दोघं आडतीमागच्या बारदानाच्या खोलीत गेले. तिथे छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या होत्या, त्यामुळे आवाज घुमत नसे. सिद्धीने पहिल्या डब्यात स्तवन म्हटलं. मग हेडफोन लावून ते एकदा ऐकलं आणि फीत मागे नेऊन दुसऱ्या डब्यात वरच्या सुरात म्हटलं. पीयूषने कॅसेट मागे नेली आणि दोन्ही डबे सुरू केले.

फक्त वरचा सूर ऐकू आला. पहिला आवाज गायबच.

"माझं म्हणून झालं होतं ना?" सिद्धीने विचारलं.

"झालं होतं. तू हेडफोनमध्ये ऐकलंस की."

"मग गेलं कुठे?"

पीयूषने डबे बदलून पाहिले, तारा बदलून पाहिल्या. पुन्हा म्हणून घेतलं, पुन्हा तेच. दुसरा आवाज आला की पहिला जायचा. तो आठवडाभर गोंधळलेला होता. जेवताना आई, मोहनबाई, पोळी वाढायला आली तरी त्याचं लक्ष नसायचं. शेवटी सिद्धीच एकदा म्हणाली, "भैया, टेप करताना आधीचं पुसलं जातं ना? मग पुसणारा खोडरबर पेन्सिलीपेक्षा जाड असेल. एक ओळ खोडायला जावं आणि वरचीही खोडली जावी, तसं."

तसंच होतं. फीत पुसणारं हेड वेगळं असतं आणि ते त्याने साध्या टेपचंच वापरलं होतं. ते एका दमात दोन पट्टे साफ करत होतं. चार बारीक पट्टे पुसणारं हेड मिळणार कुठे? पीयूषने सरळ ते काढूनच टाकलं. आता कोरी कॅसेट घ्यायची आणि एकेका पट्ट्यावर एकदाच टेप करायचं. काही पुसता येणार नाही. चुकलं तर चुकलं.

"म्हणजे तो सनईवाला तुझ्या मशीनवर चुकला असता तर?" सिद्धीने विचारलं.

पीयूषने हातातलं हेड बाजूला ठेवलं. ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप मांडला तीच त्यात उरली नव्हती. मग हे आपण काय बनवलं आहे, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

अशा वेळी राघू आडतीवर आला. राघू हा लोणीचा धनगर. बापजाद्यांपासून मेंढरं राखणारं घर, पण काही वर्षांपूर्वी त्याने मेंढरं विकली आणि कांदा लावायला लागला. त्याचा माल पारसमलजींकडे यायचा. बरोबर त्याची बायको सारजाबाई होती.

"शेट, तुमचा पोरगा गानं वायलं वायलं टेप करतो म्हनं," राघू म्हणाला. "खरं हाय का?"

"त्यालाच विचारा," पारसमलजी म्हणाले. "मला समजलेलं नाही."

पीयूषने दोघांना दुकानात बसवून चहा मागवला. राघू चहाकडे बघत राहिला. बोलली ती सारजाबाई.

"आमच्या माळावर बिरोबाची जत्रा असती. ह्ये आन ह्यांचा धाकला भाऊ भिमाजी, दोगं मिळून ओवी म्हनायचे. ह्ये म्होरं म्हनायचे आन भिमाजी झील धरायचा, म्हंजी ह्यांची वळ सपली का त्यो मागनं उचलायचा. लांब लांबची मानसं यायची. आता दोगं येका जागी बसत न्हाईत. जत्रंची वेवस्था बघत्यात ते चिमाजी तात्या म्हनले, निदान कॅशेट करा, आमी लाऊडस्पीकरवर लावू."

"का बसत नाहीत?"

सारजाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो उठून बाहेर हायवेकडे तोंड करून उभा राहिला होता.

"मेंढरं दोगांची व्हती," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्यांनी आपली वाटनी इकून टाकली. मागं ऱ्हायली थोडकी. तेवढ्यावर येकट्याला रानोमाळ हिंडता येईना. भिमाजीला दुसऱ्याच्या कळपात मेंढरं घालून त्येच्या मागं हिंडावं लागलं. तवा त्यो म्हनला, दादानं मेंढरं इकली तशी ओवी बी इकली. तवापसनं बोलनं न्हाई."

पीयूषच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकत्र बसू न शकणाऱ्या माणसांचं एकत्र गाणं! याच्यासाठीच तर हे मशीन होतं.

त्याच आठवड्यात राघू बारदानाच्या खोलीत माइकसमोर बसला. डोळे मिटून, एक हात कानावर ठेवून त्याने आवाज लावला:

"माळावरल्या देवा तुझ्या पायी ठेवितो माथा,
मेंढरांच्या मागं चाले आमची सारी कथा..."

आणि थांबला. फीत फिरत राहिली. पीयूषने हाताने खूण केली, पुढे म्हणा. राघूने डोळे उघडले.

"म्होरं कसं म्हनू? झील कुठंय?"

"ती नंतर येणार. तुम्ही तेवढी जागा सोडा."

"जागा सोडू म्हंजी नुसतं बसू?"

"हो."

राघूला ते काही केल्या पटेना. माणूस नसताना माणसासाठी थांबायचं म्हणजे काय? पण पुसायची सोय नव्हती, कॅसेट चालूच होती. त्याने पुन्हा सुरुवात केली. ओळ म्हणायचा, थांबायचा आणि त्या थांब्यात उजवीकडे, रिकाम्या पोत्यांकडे बघायचा. गाणं संपलं तेव्हा तो घामाघूम झाला होता. "असं पयल्यांदाच म्हनलो," तो म्हणाला. "कुनाशी बोलतोय त्येच समजंना."

पुढच्या बाजाराला पीयूष मशीन आणि गाडीची बॅटरी टेम्पोत घालून बेल्ह्याला गेला. भिमाजीचा तळ तेव्हा बेल्ह्याजवळच्या एका ओढ्याकाठी होता. भिमाजी उंच, किडकिडीत, तोंडात तंबाखू. त्याची बायको कुशाबाई चुलीपाशी होती. यंत्र पाहून तिने कोकरू उचलून लांब नेलं.

"दादानं धाडलं का तुमाला?" भिमाजीने विचारलं.

"चिमाजी तात्यांनी. जत्रेसाठी कॅसेट करायची आहे."

"दादा येनार का हितं?"

"नाही. ते आधीच गाऊन गेलेत. तुम्ही ऐका आणि मध्ये झील धरा."

भिमाजीने हेडफोन कानाला लावला. पीयूषने बटण दाबलं. क्षणभरात भिमाजीने हेडफोन काढून झटकन मागे वळून पाहिलं. मागे नुसती मेंढरं होती. त्याने यंत्राच्या आतबाहेर पाहिलं, पुन्हा कानाला लावलं. पहिल्या खेपेला तो काहीच म्हणाला नाही, नुसता ऐकत राहिला. राघू थांबला की तोही श्वास रोखायचा. "पुना लावा," म्हणाला. दुसऱ्या खेपेला त्याने डाव्या हाताने कान झाकला आणि प्रत्येक थांब्यात आवाज टाकला. आवाज राघूसारखाच, पण पातळ आणि धारदार. पीयूषचं लक्ष डब्यावरच्या काट्याकडे होतं. काटा बरोबर नाचत होता. सुरात सूर असा मिसळला होता की त्याला उड्या माराव्याशा वाटल्या.

शब्द त्याने ऐकले ते घरी आल्यावर, सिद्धीसोबत. राघू म्हणत होता, आमची सारी कथा. आणि पाठोपाठ झील यायला हवी तिथे भिमाजी म्हणत होता:

"कथा कुनाला सांगू दादा, कळप केला उना,
कांद्याच्या वाफ्यात बसला मेंढपाळ जुना..."

पुढे तर आणखी. माझ्या हाती काठी ठेवली, राखायला काही ठेवलं नाही. दुसऱ्याच्या कुत्र्याने माझ्यावर भुंकावं अशी वेळ आणली. प्रत्येक थांब्यात एकेक ओळ, चालीत नेमकी बसलेली.

"हे भांडण आहे," सिद्धी म्हणाली.

"पण सुरात आहे," पीयूष म्हणाला.

भिमाजीच्या डब्याचं बटण फिरवलं की तो आवाज नाहीसा होत होता. उरायचा फक्त राघू, ओळ म्हणून रिकाम्या जागेकडे बघणारा. दोन्हींतलं काय जत्रेत लावायचं? पीयूषने दोन-तीन दिवस नुसतं ते बटण इकडे-तिकडे फिरवलं. अखेर त्याने ठरवलं, आधी राघूला ऐकवू. राघू चिडेल, काम सोडून देईल, पण निदान प्रश्न तरी सुटेल.

राघू चिडला नाही. सारजाबाईने पदर तोंडाला लावला. राघूने सगळं ऐकलं आणि विचारलं, "ह्येच्यावर मला बोलता येतं का?"

"म्हणजे?"

"त्येनं माज्या मदी घातलं. मला त्येच्या मदी घालायचंय. अजून येक डबा लाव."

तिसरा डबा नव्हता. पीयूषने तो घाईघाईने जुळवला, पण त्याच्या तारांवर पहिल्या दोन डब्यांसारखं आवरण नव्हतं, आणि जोडल्यावर नवीच कटकट निघाली. तिसऱ्या पट्ट्यावर टेप करायला लागलं की शेजारच्या दुसऱ्या पट्ट्यावरचा आवाज हेडफोनमध्ये ऐकूच येईना, नुसती शिट्टी वाजायची. म्हणजे राघूला भिमाजीचं ऐकू येणार नाही. शेजारीशेजारी असले की एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येत नाही, हे कळायला त्याला बराच वेळ लागला. त्याने मधला एक पट्टा मोकळा सोडून तिसरा डबा चौथ्या पट्ट्याला जोडला. शिट्टी थांबली.

या खेपेला राघू हेडफोन लावून बसला तेव्हा रिकाम्या पोत्यांकडे पाहायची त्याला गरज पडली नाही. भिमाजीची ओळ संपली की तो उचलायचा:

"सडकंवरती ट्रक आला, घोडं उधळलं,
नंदा माजी चाकाम्होरं, काळीज गळालं...
मेंढरं मेली ती सांगितली, पोरीचं न्हाई सांगितलं,
भ्यालो म्हनून धनगरानं कुनाला रं सांगावं?"

पीयूषने सारजाबाईकडे पाहिलं. ती पोत्याला टेकून रडत होती.

मागून तिने सांगितलं ते असं. मंचरच्या अलीकडे हायवे ओलांडताना एक ट्रक कळपात घुसला होता. भिमाजी तेव्हा चाऱ्याची जागा बघायला पुढे गेलेला. बिऱ्हाड लादलेलं घोडं बुजलं आणि त्याच्यावर बसवलेली त्यांची लहानगी नंदा ट्रकच्या चाकासमोर पडली. चाक तिच्या झग्यावर येऊन थांबलं. पोरीला खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून राघूला सडक दिसली की पाय उचलेना. मेंढरं घेऊन सडक ओलांडल्याशिवाय तर धनगराचं एक वर्ष जात नाही. भिमाजी परत आल्यावर त्याला मेलेल्या मेंढरांचं तेवढं सांगितलं. बाकीचं राघूने कोणालाच सांगितलं नाही आणि सारजाबाईलाही सांगू दिलं नाही. मेंढरं विकली आणि कांदा लावला.

"पन तुमच्या दुकानाम्होरं तर हायवेच हाय," ती म्हणाली. "म्हनून मी संगं येते. येकला आला तर पल्याडच उभा ऱ्हाईल."

जत्रा चार दिवसांवर आली होती. पीयूष पुन्हा बेल्ह्याच्या बाजूला गेला. भिमाजीने तीनही आवाज ऐकले. ट्रकची ओळ आली तसा तो उकिडवा बसला. कुशाबाईने लांबून विचारलं, "काय म्हनत्यात?" त्याने हाताने तिला गप्प केलं. कॅसेट संपली. तो उठून ओढ्यावर गेला, तोंड धुऊन आला.

"हेच्यावर मला परत बोलता येईल का?"

"एक पट्टा शिल्लक आहे, चौथा डबाही तसाच घाईत जुळवून आणलाय," पीयूष म्हणाला. "पण तो मधला आहे. तुम्ही बोलाल तेव्हा दोन्ही बाजूंनी शिट्टी वाजेल, तिच्यात तुम्हाला त्यांचं काहीच ऐकू येणार नाही. आठवून म्हणावं लागेल."

"दादाचं मला आटवावं लागतंय व्हय?" भिमाजी म्हणाला.

तो हेडफोन न लावताच माइकसमोर बसला. काय म्हणतो याची पीयूषला धाकधूक होती. पण भिमाजीने या वेळी उत्तर दिलं नाही, क्षमा मागितली नाही आणि दोषही दिला नाही. त्याने नुसती झील धरली. राघूच्या पहिल्या गाण्याची. न ऐकता, मनातल्या मनात दादाची ओळ म्हणून, ती संपली की शेवटचे शब्द उचलत. 'आमची सारी कथा गा.' कधी जरा लवकर, कधी जरा उशिरा. मध्ये एक मेंढरू ओरडलं, तेही टेप झालं. म्हणून झाल्यावर त्याने विचारलं, "आता दादाला कवा ऐकवनार?"

"पट्टे संपले, भिमाजीभाऊ. आता जत्रेतच."

घरी येऊन पीयूषने हिशेब लावला. जत्रेत पहिला आवाज आणि हा शेवटचा, असे दोनच लावायचे. राघूची ओवी, भिमाजीची झील, झालं. मधलं भांडण आणि मधलं दुःख दोन्ही बंद ठेवायचं. ते गावासाठी नव्हतं. कुठला आवाज कुठल्या बटणावर आहे हे त्याने मनात पक्कं केलं आणि निश्चिंत झाला.

जत्रेच्या दिवशी सकाळी टेम्पो माळावर पोचला. मंडपात चिमाजी तात्या वाटच बघत होते. "लवकर जोडा, पालखी उठायच्या आत लावायचंय," म्हणून त्यांनी दोन माणसं मदतीला लावली. त्या दोघांनी मोठ्या उत्साहाने सगळे डबे उचलून पेटीला जोडून टाकले. पीयूष लाऊडस्पीकरची तार ओढून परत येतो तो चारही डबे जोडून तयार. सगळे एकसारखे, कुठलाही कुठेही बसणारा. कोणती वायर कुठल्या पट्ट्यावर गेली होती? तारा डब्यांखालून एकमेकींत गुंतलेल्या. त्याने एक तार ओढून पाहायला सुरुवात केली, तेवढ्यात तात्यांनी माइकवरून सांगून टाकलं, "आता आपले राघू आन भिमाजी!" लोक गोळा झाले. पहिल्या रांगेत राघू आणि सारजाबाई. मंडपाच्या पार मागच्या बाजूला, बाभळीपाशी, पीयूषला एक उंच किडकिडीत माणूस दिसल्यासारखा वाटला. तो येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

पीयूषने अंदाजाने दोन बटणं उघडली आणि कॅसेट सुरू केली. लाऊडस्पीकरमधून स्वच्छ, पातळ, धारदार आवाज माळभर घुमला:

"...कळप केला उना,
कांद्याच्या वाफ्यात बसला..."

माणसांच्या माना वळल्या. कोणीतरी हसलं. राघू दगडासारखा बसला होता. पीयूषने घाबरून ते बटण बंद करायला हात नेला आणि दुसरंच बंद झालं. तिसरं फिरवलं तर ट्रक आला, घोडं उधळलं. आता पुढची ओळ नंदाची. नंदा तिथेच आईच्या मांडीला टेकून खाऊ खात बसली होती. कॅसेट थांबवायचंही त्याला सुचेना. बंद कुठलं करायचं हे माहीत नव्हतं, उघडता मात्र सगळी येत होती. त्याने चारही बटणं शेवटपर्यंत उघडली.

आणि चारही आवाज एकदम सुटले. राघूवर राघू, भिमाजीवर भिमाजी, एक देवाला आळवतोय, एक भांडतोय, एक सांगतोय, एक नुसती झील धरतोय, एकमेकांच्या पुढेमागे, एकमेकांच्या अंगावर. मध्येच ते मेंढरू ओरडलं. एकही शब्द कळत नव्हता. नुसता आवाजांचा लोंढा, दहा-वीस धनगर एकदम गायला बसल्यासारखा. पीयूषने डोळे मिटून घेतले. आता लोक दगड मारतील, असं त्याला वाटलं.

मागून कोणीतरी ढोलावर थाप टाकली. मग दुसऱ्याने. पोरं नाचायला लागली. म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. "किती जनं बसवली व्हती रं गायला?" एकाने पीयूषच्या कानाशी ओरडून विचारलं. "दोघंच होते," पीयूष म्हणाला. त्याने ऐकलं नाही किंवा त्याला पटलं नाही.

कळलं असेल ते फक्त दोघांना. राघूने मान खाली घातली होती आणि त्याचे ओठ हलत होते. तो त्या गोंधळातून एकच आवाज वेगळा करून ऐकत असावा, कुठला ते पीयूषला कळलं नाही. कॅसेट संपल्यावर पीयूषने बाभळीकडे पाहिलं तर तिथे कोणी नव्हतं.

चिमाजी तात्यांनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. "लई झ्याक, पावणं! असं कवा ऐकलंच न्हवतं." पीयूषला शरम वाटावी की आनंद व्हावा हे ठरवता येईना. ज्या मशीनने आवाज वेगळे ठेवायचे, ते चालल्याचं श्रेय सगळं एकात एक झालं म्हणून मिळत होतं. शेजारच्या गावातल्या एका भजनी मंडळाच्या माणसाने तर तिथल्या तिथे विचारलं, "आमाला असंच पायजेल. वीस जनांचा आवाज." त्याला काय समजावणार? पीयूष हो म्हणाला.

कांदा निघाल्यावर महिन्याभराने तो काही कामाने लोणीला गेला आणि राघूच्या शेतावर डोकावला. रिकाम्या वावरात मेंढरं बसवलेली होती, लेंडीखतासाठी. बांधाच्या एका टोकाला भिमाजी घोंगडीवर पडला होता. दुसऱ्या टोकाला राघू विळ्याने गवत कापत होता. कुशाबाई आणि सारजाबाई मध्ये बसून बोलत होत्या.

"बोलतात का हे दोघं?" पीयूषने सारजाबाईला विचारलं.

"कुनाला ठाव," ती म्हणाली. "मेंढरं बशीवली न्हवं का. भाकरी येकाच दुरडीतनं खात्यात. तोंडाकडं बघून बोलल्याचं मी तर पायलं न्हाई. जा, तूच इचार."

पीयूष भिमाजीकडे गेला. भिमाजीने रामराम केला, बेल्ह्याच्या बाजाराच्या गोष्टी सांगितल्या, एका बैलाची किंमत सांगितली. दादाचं नाव निघालं नाही. ओवी म्हणता का, विचारलं तर म्हणाला, घसा धरलाय. पीयूष बांधावरून राघूकडे आला.

"शेट," राघू विळा खाली ठेवून म्हणाला, "मला येक कॅशेट करून दे. साध्या टेपवर वाजंल अशी."

"देतो की. तुमची ओवी आणि भिमाजीची झील. मस्त जमेल, मी दोन्ही एका कॅसेटवर उतरवून देतो."

"झील नगं. त्येचा पयला डबा दे. माज्यावर चिडला त्यो."

पीयूषला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "ते भांडण? झील चांगली आहे हो. त्यात त्यांनी..."

"झील त्यो कुनालाबी धरील," राघू म्हणाला. "त्यो पयला दे."

पलीकडे भिमाजीने कूस बदलली. ऐकलं की नाही कोण जाणे. पीयूषने मान हलवली, मोटरसायकलला किक मारली आणि मंचरला येईपर्यंत विचार करत राहिला. काही उलगडलं नाही. बारदानाच्या खोलीत बसून त्याने पेटी लावली. बाकीचे तीन डबे सुटे करून बाजूला ठेवले आणि भिमाजीचा तेवढा आवाज कोऱ्या कॅसेटवर उतरवायला घेतला.